सव्विसावं स्थळ, आणि आता बास झालं

जायांची_फाती
नमस्कार मंडळी. मी इथे बहुतेक वाचायलाच येते. आज लिहितेय कारण घरात कुणाशी बोलता येत नाही, आणि मैत्रिणींना सांगितलं तर त्या एक तर रडतील नाहीतर नवस बोलतील.

वय 35, राहते गोव्यात, म्हार्दोळला. एका खासगी कंपनीत हिशेब बघते. घरी आई-बाबा, धाकटा भाऊ, वहिनी आणि त्यांचा दीड वर्षांचा मुलगा. माझं बघायला सुरुवात झाली तेव्हा मी 24 ची होते. दर वर्षी तुळशीचं लग्न लागलं की कपाटावरची निळी फाईल खाली येते, आषाढ लागला की परत वर जाते. त्या फाईलमध्ये माझा हिरव्या साडीतला फोटो आहे, फोंड्याला स्टुडिओत काढलेला, मी 27 ची असतानाचा. त्या साडीचा ब्लाउज आता दंडात अडकतो. पण फोटो अजून तोच जातो, कारण आईच्या मते त्यात 'तेज' आहे.

आतापर्यंत पंचवीस स्थळं झाली. हिशेबवाली आहे, मोजून ठेवली आहेत. सहा वेळा मी नाही म्हटलं, अकरा वेळा त्यांनी, चार वेळा पत्रिकेने. उरलेल्या चौघांचा निरोपच आला नाही, म्हणजे ते अजून विचार करत असावेत.

सव्विसावं डिचोलीकडचं. फाईल वर जाता जाता, ज्येष्ठात आलं. वय 39. पूर्वी खाणीवर होता, आता कुंडईला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. तीनदा भेटलो. शांत माणूस. बोलताना चहाच्या कपाची कड अंगठ्याने पुसत राहतो. नाव ठेवायला जागा नाही. पण खरं सांगू? मन हललं असंही काही नाही.

तिसऱ्या भेटीनंतर संध्याकाळी आई आणि मी जायांच्या फाती (जाईच्या वेण्या) करत बसलो होतो. आईने मान वर न करताच विचारलं, "मग?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चालेल." आईच्या हातातला केळीचा दोर तसाच राहिला. ती उठली, देवापुढे साखर ठेवून आली. आणि मला कसं वाटलं? स्टँडवर दोन तास ताटकळल्यावर एकदाची कुठलीतरी बस येते ना, तसं. मी पाटीसुद्धा नीट वाचली नाही, चढले.

पुढच्या आठवड्यात लग्नाच्या नोंदणीची पहिली सही आहे. थकून दिलेल्या होकारावर घर उभं राहतं का? कुणाचं राहिलंय? उपदेश नकोत, अनुभव सांगा.

उंडो_आणि_चहा
पयलीं जेव, मागीर चिंत. (आधी जेव, मग विचार कर. उपदेश नव्हे. अनुभव.)

जुना_पणजेकार
बाय, माझा अनुभव घे. 5 जुलै 1986 ला मांडवीवरचा पूल कोसळला, हे इथल्या पोरांना ऐकूनच माहीत असेल. माझं त्याच पावसाळ्यात पर्वरीच्या एका मुलीकडे बोलणं चाललं होतं. पूल होता तेव्हा पणजीहून पर्वरी म्हणजे काय, पानाला चुना लावेपर्यंत पोचायचं. पूल गेल्यावर फेरी. पणजीच्या धक्क्यावर रांग, बेतीला उतरून परत रांग, वर पाऊस, खाली चिखल, बाजूला कुणाच्या तरी टोपलीतले बांगडे आपल्या इस्त्रीच्या पँटला टेकलेले. मी तीनदा गेलो. तिसऱ्यांदा परतताना फेरी तासभर अडकली. घरी आल्यावर वडील म्हणाले, पुढच्या रविवारी परत जाऊन पत्रिकेचं बोलून ये. मी म्हटलं, बोलायचं काही नाही, माझा होकार कळवा.

म्हणजे मी फेरीला कंटाळून लग्न केलं. 1987 च्या फेब्रुवारीत. दोन मुलं, एक नात. भांडतो रोज. पण कधी असं वाटलं नाही की चौथ्या फेरीला गेलो असतो तर काही वेगळं दिसलं असतं.

सांगेकरीण
काका, बायको वाचते का हा धागा?

जुना_पणजेकार
अजून तरी नाही.

गणिती_गोंयकार
यावर गणितात उत्तर आहे, गंमत नाही. समजा तुम्हाला शंभर स्थळं क्रमाने बघायची आहेत, आणि एकदा नाकारलेल्याकडे परत जाता येत नाही. तर पहिली 37 नुसती बघायची, कितीही आवडली तरी हो म्हणायचं नाही. त्यानंतर त्या सगळ्यांहून सरस असं पहिलं जे येईल, त्याला डोळे मिटून हो. सर्वोत्तम स्थळ हाती लागण्याची शक्यता या पद्धतीने सर्वात जास्त असते. ती शक्यताही साधारण 37 टक्केच. 26 स्थळं धरली तर पहिली नऊ-दहा सोडायची.

सांगेकरीण
म्हणजे पहिल्या नऊ-दहा जणांनी घरी येऊन शिरा-चिवडा खाऊन जायचं, आणि त्यांना पत्ताच नाही की आपण नुसते मापाला आलोय! ती माणसं आहेत की लगोरीच्या चिपा?

जायांची_फाती
गणितीभाई, एक शंका. माझं चौथं स्थळ सगळ्यात बरं होतं. तेव्हा बी.एड. करायचं म्हणून मी नाही म्हटलं, आणि बी.एड.ही केलं नाही. मग तुमचा नियम काय सांगतो?

गणिती_गोंयकार
अं... सर्वोत्तम जर पहिल्या नऊत येऊन गेलं असेल तर पुढे कुणीच त्याहून सरस ठरत नाही. मग शेवटी जे उरेल त्यालाच हो म्हणावं लागतं.

जायांची_फाती
म्हणजे सव्विसावा. बरं झालं, गणितही थकलं.

सांगेकरीण
😂😂 बाय तू लिहीत जा गं इथे.

देऊळवाडा
इतका विचार कशाला? कुळदेवाला जा, कौल घे. आमच्याकडे दोन्ही लग्नं प्रसाद घेऊनच ठरली. गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या अंगाला लावतो, आपलं गाऱ्हाणं सांगायचं आणि बसून राहायचं. उजवी पडली की कार्य करायचं. माझ्या बहिणीच्या वेळी दीड तास लागला, पण उजवीच पडली.

उंडो_आणि_चहा
दीड तासात पाणी सुकतं हो. पाकळीसुद्धा थकूनच पडते.

देऊळवाडा
देवाची थट्टा नको.

उंडो_आणि_चहा
देवाची नव्हे भाऊ, पाण्याची. माझ्या आज्याने तीनदा डावी पडली तरी चौथ्यांदा पाकळी लावायला लावली होती. म्हणून तर मी आहे.

सत्तरीची_वाट
वर सगळे हसतायत, मीही हसले. पण धागा काढणारीने अनुभव मागितलाय आणि माझा हसण्यासारखा नाही.

मी 31 व्या वर्षी असाच होकार दिला. कुणाची जबरदस्ती नव्हती. आईचा रक्तदाब, मावशीचे फोन, चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना प्रत्येकाने 'पुढच्या वर्षी ही इथे नसणार हां' म्हणायचं, आणि पुढच्या वर्षी मी परत तिथेच, माटोळीला तोरिंगण बांधताना. एका दिवशी मी म्हटलं, ठरवा. माणूस चांगला होता. हे मी आजही म्हणते. दारू नाही, हात उगारणं नाही, पगार घरात.

सहा वर्षांत मी त्याच्याशी एकदाही भांडले नाही. नातेवाइकांना वाटायचं, केवढा समजूतदार संसार. भांडायला त्या माणसाकडून काहीतरी हवं असावं लागतं. मला काहीच नको होतं. तो रविवारी बाजारातून बांगडे आणायचा, विचारायचा, हुमण की तळून? मी म्हणायची, कसेही. पहिल्या वर्षी त्याला ते आवडायचं, साधी आहे म्हणायचा. तिसऱ्या वर्षी त्याने विचारणं सोडलं.

एकदा त्याला मुतखड्याचा त्रास झाला, हॉस्पिटलात तीन रात्री होतो. मी सगळं केलं. पेज, गोळ्या, टॉवेल, कागदपत्रं. तिसऱ्या रात्री नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्हाला घरच्यांनी दिवसावर ठेवलंय का? पेशंटची बायको कधी येणार?" तिची काही चूक नव्हती. तिने जे बघितलं ते विचारलं. तो जागा होता. त्याने ऐकलं.

घटस्फोट त्याने मागितला, मी नाही. म्हणाला, तू वाईट वागली असतीस तर मी सोसलं असतं. बाय, थकवा लग्नाने गेला नाही. स्थळं बघणं थांबलं, एवढंच. आणि मी माझ्या थकव्याचा जोडीदार त्याला केलं, त्याला न विचारता. त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

सांगेकरीण
ताई... काय लिहू कळत नाही.

चिकूची_बाग
सत्तरीताई, तुमचं पटलं, पण एक सांगते. आमचं प्रेमाचं होतं. कॉलेजपासून आठ वर्षं, घरच्यांशी भांडून, सगळं रीतसर. आता मीही रविवारी 'कसेही' म्हणते. कर्ज तेच, हप्ते तेवढे वेगळे.

सत्तरीची_वाट
फरक आहे. तुम्हाला आठवतं की पूर्वी तुम्ही 'तळून' म्हणायचात.

चिकूची_बाग
...हो. आणि वर कोकमाचं पाणी शिंपडून.

कोर्टाची_पायरी
भावनेचं इतरांनी सांगितलं, मी कागदाचं सांगतो. फोंड्याला एका वकिलाकडे वीस वर्षं कारकुनी केली आहे.

गोव्यात लग्न म्हणजे आधी नोंदणी, मग मंगलाष्टका. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून इथे लागू आहे, मुक्तीनंतरही राहिली, आणि काही अपवाद सोडले तर ती सगळ्या धर्मांना सारखी. पहिली सही म्हणजे 'आम्ही लग्न करू इच्छितो' एवढंच सांगणं. मग नोटीस लागते, कुणाची हरकत असेल तर यावं म्हणून. मग दुसरी सही. लग्न दुसऱ्या सहीने होतं. हे मुद्दाम सांगतो कारण पहिल्या सहीलाच लग्न समजून सासरी नांदायला गेलेल्या आणि पुढे नवरा दुसऱ्या सहीला आलाच नाही म्हणून अडकलेल्या बायका मी या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. हातात हिरवा चुडा आणि कागदावर अविवाहित.

दुसरं. लग्नाआधी वेगळा करार नोंदवला नाही तर दोघांची मालमत्ता एक होते, अर्धी-अर्धी. नुसती लग्नानंतर कमावलेली नाही, आधीची आणि माहेरून वारशाने येणारीसुद्धा. घर किंवा भाट (बागायत) विकायचं तर नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. हा करार लग्न झाल्यावर करता येत नाही. बाहेरच्या राज्यात थकून हो म्हणणं वेगळं आणि गोव्यात वेगळं. इथे थकव्याची नोंद निबंधकाकडे होते.

माझ्या साहेबांकडे मालमत्तेच्या वाटणीचं एक प्रकरण (इन्व्हेंटरी म्हणतात त्याला) आलं होतं, अकरा वर्षं चाललं. वेगळं होऊन दशक झालेल्या बाईची सही हवी होती, कारण घटस्फोटाच्या वेळी एक भाट वाटायचं राहून गेलं. ती आली, सही केली, पेन परत दिलं आणि म्हणाली, आमचं लग्न एवढं टिकलं नाही जेवढं हे प्रकरण टिकलं.

खाणवाला_ट्रक
पायरीभाऊ, कर्जाचं पण असंच का? म्हणजे त्याच्यावर जुनं कर्ज असेल तर?

कोर्टाची_पायरी
कुठलं कर्ज, कधी काढलं, कशासाठी काढलं, यावर असतं. पण लग्नाआधी उघड विचारून घ्यावं. विचारायला लाजायचं आणि मग कोर्टात यायचं, ही आपली पद्धत.

खाणवाला_ट्रक
विचारलं कारण मीही डिचोलीचा. तो माणूस कोण ते माहीत नाही, पण त्याची बाजू मला माहीत आहे.

2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या तेव्हा माझे दोन ट्रक होते, दोन्ही कर्जावर. त्याआधी आमच्या गावात खाणीवरच्या मुलाला मुली सांगून यायच्या. मी 26 चा होतो, आई म्हणायची, घर रंगवून घेऊ, मग बघू. घर रंगवायच्या आत खाणी बंद. मधे थोडं सुरू झालं, परत 2018 च्या मार्चमध्ये बंद. त्या काळात माझ्याकडे एकही स्थळ आलं नाही. एकही म्हणजे एकही. मुलीकडचे पहिला प्रश्न विचारायचे, आता काय करतो? ट्रक अंगणात उभे, टायरखाली गवत. एका कुटुंबाने तर ट्रकला प्रदक्षिणा घालून बघितलं, मुलाला बघितलंच नाही.

तेव्हा बाय, तुला वाटतंय तू एकटीच थकून हो म्हणतेयस. समोरचा 39 वर्षांचा खाणवाला काय ताजातवाना घोड्यावर बसून आलाय असं वाटतं का तुला? त्याला विचार. विचारून तर बघ.

उंडो_आणि_चहा
ट्रक, तुझं झालं का मग?

खाणवाला_ट्रक
ट्रक विकले. लग्न नाही झालं. टायरखालचं गवत अजून आहे.

साश्टीची_नात
आमगेर चर्चीत लग्नाआधी कोर्स करावा लागतो. तिथे आम्हाला वेगवेगळं बसवून एका कागदावर लिहायला सांगितलं, 'हाच/हीच का?' माझ्या होणाऱ्या घोवान (नवऱ्याने) बरयलें (लिहिलं), "बोटीवयल्यान येतां तेन्ना घरांत कोणूय जाय." म्हणजे, बोटीवरून येतो तेव्हा घरात कुणीतरी हवं. कोणीतरी! मी तीन दिवस बोलले नाही. आता चौदा वर्षं झाली, तो अजून तारवटी आहे, नऊ महिने समुद्रात असतो आणि मी अजून ते 'कोणूय' विसरलेली नाही. पण तो बंदरातून फोन करतो तेव्हा मला नावाने हाक मारतो, कोणूय म्हणून नाही.

देऊळवाडा
धागा मराठीत आहे, उत्तरं मराठीत द्यावीत.

साश्टीची_नात
समजलं ना तुम्हाला? मग?

उंडो_आणि_चहा
झालं, गोवा महाराष्ट्रात जावा की नाही, आता 1967 सुरू. जनमत कौल घ्या, पाकळी लावा.

एकटा_माड
(बाई आहे. नाव उगीच घेतलंय.) वय 46, साळगाव. लग्न केलं नाही. इथे सगळे 'हो म्हणावं की नाही' यावर बोलतायत, मला तिसरंच विचारायचंय. बाय, तू कशाला थकली आहेस? माणसाशिवाय राहण्याला की माणसं दाखवून घेण्याला?

मी स्थळं बघण्याला थकले होते. एका दसऱ्याला मी आईला सांगितलं, फाईल दे. तिने दिली. मी ती फाईल गॅसच्या बिलांसाठी वापरते. दोन वर्षं घरात सुतक असल्यासारखं होतं, मग नाही. त्रास नाहीत असं म्हणत नाही. पावसाआधी कौलं परतायला माणूस बोलावला की तो विचारतो, घरात पुरुष कोण? ताप आला की पेज आपली आपणच करायची. पण तो थकवा वेगळा. झोपलं की उतरतो.

दोन तास उभं राहून बस आली म्हणून चढलीस म्हणतेस. दोन तास उभं राहिल्यावर माणसाला बस हवी असते की बसायला जागा? एकदा बसून बघ. सहा महिने फाईल बंद ठेव. मग हाच माणूस आठवला तर आठवला.

सांगेकरीण
सहा महिने? 35 व्या वर्षी? माडताई, तुमचं ठीक आहे, पण मुलीचं वय थांबतं का? मूल हवं असेल तर?

एकटा_माड
ते तिने ठरवायचं. तिच्या पोस्टमध्ये मुलाचं एक अक्षर नाही. आपणच घातलं.

सांगेकरीण
ते खरं. पण बोलत नाही म्हणजे नको असं नसतं ना.

जायांची_फाती
सगळ्यांचं वाचतेय. काल रात्री परत परत वाचलं. सत्तरीताईंचं वाचून पाणी प्यायला उठले. माडताईंच्या प्रश्नाला उत्तर नाही माझ्याकडे, बहुतेक दोन्हीला. मूल, हो, वाटतं. भावाचा मुलगा माझ्या पोटावर झोपतो दुपारी.

खाणवालेभाऊ, तुमचं वाचून वाटलं की अकरा वर्षं मी स्वतःचाच हिशेब ठेवला, समोरच्याचा रकानाच नव्हता. शनिवारी त्याला पणजीत भेटायला बोलावलंय. घरी सांगितलेलं नाही. घरच्यांना न सांगता एखाद्या स्थळाला भेटायची ही पहिलीच वेळ. वय 35, आणि खोटं सांगताना कान लाल.

उंडो_आणि_चहा
छत्री घेऊन जा. एकच.

जुना_पणजेकार
मंडळी, मेलो. बायकोने धागा वाचला. नातीने दाखवला. तिचं म्हणणं असं की मी धादांत खोटं बोलतोय. मी तीनदा नव्हे, पाचदा आलो होतो. दोनदा घरी न सांगता, छत्री विसरली या निमित्ताने. ती म्हणते, तुझ्याकडे छत्री नव्हतीच. मला खरंच आठवत नाही. पण ती तारखा सांगते.

सांगेकरीण
काका 😂 चाळीस वर्षं फेरीला दोष देताय!

जुना_पणजेकार
पुरुषमाणसाने फेरीला कंटाळलो म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही.

जायांची_फाती
भेटून आले. लांब लिहितेय, सोसून घ्या.

पाऊस धो धो. पणजीत मार्केटच्या मागे एका छोट्या हॉटेलात बसलो, छत्र्या टेबलाखाली गळत होत्या. मी ठरवून गेले होते की नीट, टप्प्याटप्प्याने सांगायचं. प्रत्यक्षात चहा यायच्या आधीच बोलून मोकळी झाले. म्हटलं, मी हो म्हटलंय ते तुम्ही आवडलात म्हणून नव्हे, मी थकलेय म्हणून. सही करायच्या आधी तुम्हाला माहीत असावं.

तो काही बोलला नाही. कपाची कड पुसत राहिला. मला वाटलं, आता उठणार. मग त्याने बॅगेतून पाकीट काढलं आणि माझा फोटो टेबलावर ठेवला. तोच, हिरव्या साडीतला. म्हणाला, फोटोतली मुलगी वेगळी दिसते. मी म्हटलं, ती 27 ची आहे, तेव्हा माझी तिच्याशी ओळख होती. तो हसला, पहिल्यांदाच. मग फोटो उलटा केला. मागे पेन्सिलने त्याच्या आईच्या अक्षरात 14 लिहिलेलं. म्हणाला, तुम्ही चौदाव्या. मी म्हटलं, तुम्ही सव्विसावे. हॉटेलवाला बघायला लागला इतके हसलो.

मग तो म्हणाला, "बरें जालें सांगलें तें. हांवूय थकलां." बरं झालं सांगितलं ते, मीही थकलोय. त्याला मधली सात वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. नंतर विचारायला लागले तेव्हा त्याला दर वेळी तीच ती उत्तरं द्यायची लाज वाटायची. आईला त्याने 'आवडली' सांगितलं, कारण नाही म्हटलं असतं तर आईने पंधरावा फोटो काढला असता.

मी विचारलं, मग माझ्याबद्दल काहीच वाटत नाही? त्याने चांगला दोन मिनिटं विचार केला, उगाच काही बोलला नाही, हे मला आवडलं. मग म्हणाला, "तुजेकडेन बसपाक बेजार येना." तुझ्याबरोबर बसायचा कंटाळा येत नाही. एवढंच. मला उत्तर सुचेना. पण खोटं वाटलं नाही.

पायरीकाकांनी सांगितलेलं कर्जाचंही विचारलं. एक आहे, छोटं, घराच्या पत्र्यांचं. आकडा सांगितला. मीही माझं सोन्यावर काढलेलं सांगितलं.

पुढच्या आठवड्याची सही पुढे ढकललीय, चवथीनंतर बघू. घरी 'कागद अपुरे आहेत' असं सांगितलंय, दोन्ही घरी एकच थाप, ठरवून. तोपर्यंत दर शनिवारी भेटायचं, फाईल, आई, मावशी कुणी नाही. नाही जमलं तर नाही म्हणायचं, आणि पहिल्यांदा एकमेकांना सांगायचं.

परत येताना बसमध्ये मला झोप लागली. म्हार्दोळ गेलं, फर्मागुडी गेली, कंडक्टरने थेट फोंडा स्टँडवर उठवलं.

एकटा_माड
झोप लागली ना. बरं.

खाणवाला_ट्रक
बाय, त्याला म्हणावं डिचोलीला आलास की चहाला ये. नाव सांगू नकोस, मी ओळखीन.

गणिती_गोंयकार
नियमात ही शक्यता धरलेली नव्हती. समोरचाही मोजत असेल तर गणित वेगळं होतं, आणि बरंच अवघड.

देऊळवाडा
तरी एकदा प्रसाद घ्याच. म्हार्दोळला तर घराशेजारी देऊळ.

कोर्टाची_पायरी
चवथीनंतर कार्यालयात गर्दी असते. दोघांचे जन्मदाखले आत्ताच काढून ठेवा आणि नावाचं स्पेलिंग तपासा. तुमच्या दाखल्यावर घरगुती नाव असेल तर दुरुस्तीला वेळ जातो. सही करा न करा, दाखला कुठेही लागतो.

जायांची_फाती
काका, तपासलं. माझ्या दाखल्यावर वेगळंच नाव आहे! आजीने ठेवलेलं. म्हणजे 'कागद अपुरे' ही थाप खरीच निघाली.

उंडो_आणि_चहा
मुद्द्याचं कुणी विचारत नाही. हॉटेलात खाल्लं काय?

जायांची_फाती
अळसांद्यांची पातळ भाजी आणि उंडे (गोल पाव). त्याने उंडे परत मागवले, आणि एक मला न विचारता माझ्या ताटलीत ठेवला.

सत्तरीची_वाट
खाल्लास?

जायांची_फाती
आधी म्हटलं, हा करपलाय, दुसरा द्या. मग खाल्ला.